तळपायावरचा तीळ आणि लॅबला न पोचलेली बाटली

लग्नानंतर हळद उतरवताना नणंदेनं माझा डावा पाय तांब्याखाली धरला, उलटा केला आणि ओरडली, "आगं आये, वैनीच्या तळपायाला तीळ हाय!" सासूबाई बायकांतून वाट काढत आल्या. तीळ मोहरीएवढा, काळाभोर, टाचेच्या जरा पुढं. त्यांनी बोटानं दाबून बघितला आणि निकाल दिला, "लक्ष्मीचा पाय हाय."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. त्यानंतर महिनाभर घरात कुणी बाई आली की मी पाय लांब करून बसायची, तळवा नीट तिच्याकडं करून. नवी नवरी चारचौघींत पाय पसरून बसते, हे बघून गावानं माझ्या माहेरच्या वळणाबद्दल काय समजायचं ते समजून घेतलं. ती पोरगी आज मला भेटली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन. पण तिचा गुन्हा फुटकळ होता. खरी शहाणी पुढं आहे. ती एकसष्ट वर्षांची होती.

मधल्या काळात मी शिक्षिका झाले. उंब्रजजवळच्या आमच्याच गावच्या शाळेत छत्तीस वर्षं काढली. चौथीच्या पोरांकडून दरवर्षी 'अंधश्रद्धा : एक शाप' हा निबंध लिहून घेतला आणि चांगल्या निबंधाला पदरची पेन्सिल दिली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, बाई अडाणी होती. अडाणी असते तर निदान तेवढी सबब तरी राहिली असती.

आमचे मालक लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. घरातल्या प्रत्येक गोष्टीची त्यांची फाइल असते. विजेच्या बिलांची, ऊसनोंदणीची, माझ्या चष्म्याच्या नंबरांचीसुद्धा. एके दिवशी मी पायाला खोबरेल लावत बसले होते, तर हे समोर उभे राहून बघायला लागले, परेडला बूट तपासावेत तसे.

"ह्यो तीळ असा न्हवता," म्हणाले.

"चाळीस वर्षांत तुमी तरी हुता तसं ऱ्हायलाय व्हय?"

"मस्करी नको. कड बघ त्याची. फाटल्यावानी झालीय."

बघितलं. खरंच, मोहरीचा मसूर झाला होता, एका बाजूनं काळा, दुसरीकडं तपकिरी. दुखत नव्हता, खाजत नव्हता. दुखलं नाही म्हणजे काही नाही, हे आमच्याकडचं पक्कं शास्त्र. तरी त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा साताऱ्याला मिलिटरी कँटीनचा दिवस होता. मला एका सर्जनच्या दवाखान्यात सोडून ते साबण-तेलाच्या रांगेला गेले. मीच म्हटलं होतं, जावा, मला काय सोबत लागतीय?

डॉक्टर बरे होते. भिंगातून बघितलं, म्हणाले, "बहुतेक साधा असेल, पण काढून तपासून घेऊ." तळपायात सुई घुसते ते दुखणं काय असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते. दोन बाळंतपणं झालेली बाई टेबलाची कड धरून "आई गं" म्हणून किंचाळते, एवढं. ते मिनिटभर. मग पाय लाकडाचा होतो, आणि कुणीतरी दुसऱ्याच बाईच्या पायाला ओढतंय असं वाटत राहतं. वीस मिनिटांत पाच टाके घालून झालं.

आणि मग सिस्टरनं माझ्या हातात बाटली दिली. खोकल्याच्या औषधाची असते तेवढी, पांढरं झाकण, आत पाण्यासारखं औषध, त्यात माझा तीळ. भोवतीच्या कातडीच्या कडेसकट, भाताच्या शितावर काळा खडा बसावा तसा. "आजी, हे दोन गल्ल्या सोडून लॅब आहे तिथं नेऊन द्यायचं. चिठ्ठी ही. रिपोर्ट आला की टाके काढायला येताना घेऊन या."

आपल्याकडं हे असंच चालतं. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा पेशंटच्याच माणसानं पोचवायचा. माझं माणूस साबणाच्या रांगेत होतं. मी रिक्षा केली, लंगडत लॅबच्या खिडकीशी गेले. आतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "ठेवा तिथं." तिथं म्हणजे एका स्टीलच्या ट्रेमध्ये. त्यात सात-आठ बाटल्या आधीच होत्या. लघवीच्या. एकीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं.

मी बाटली ठेवायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

आमच्या घरात नाळ परसात पुरतात. माझ्या दोन्ही लेकरांची सासूबाईंनी स्वतः पुरली, वर दगड ठेवला. केस, नखं कुणाच्या हाती लागू द्यायची नाहीत, अंगाचं ते आपल्या मातीत गेलं पाहिजे, हे मी हजार वेळा ऐकलेलं. आणि हा तर माझा लक्ष्मीचा तीळ, कुणाच्या तरी मुताशेजारी बसणार. मनात आलं, ह्या माणसानं मान वर करून एकदा बघितलं असतं तरी मी दिली असती.

त्याच्यावर ढकलू नये. खरं कारण त्या खिडकीच्या काचेवर चिकटवलं होतं: रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल. मी ती पाटी दोनदा वाचली. आठ दिवस. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा असाच रिपोर्ट आला होता, छातीतल्या गाठीचा. त्या रिपोर्टाच्या आदल्या दिवसापर्यंत धडधाकट होत्या, वर्गात कविता चालीवर म्हणत होत्या. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की त्या गाठीनं नाही, कागदानं गेल्या. नाळेचा रिवाज, सासूबाई, लक्ष्मी, ही सगळी मी पुढं केलेली माणसं. मागं मी लपले होते.

मी बाटली रुमालात गुंडाळली, पर्समध्ये घातली आणि कँटीनपाशी जाऊन बसले. हे आले, दोन्ही हातांत पिशव्या. "दिलं का?" म्हणाले. "दिलं की."

दुसऱ्या दिवशी हे रानात गेल्यावर परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी खुरप्यानं वीतभर खड्डा केला. झाकण उघडल्यावर तो वास नाकातून थेट डोळ्यांत गेला, मी शिंकत-रडत तो तुकडा मातीत ठेवला. हळदकुंकूसुद्धा वाहिलं! औषध मोरीत ओतलं. आणि ती बाटली चांगली होती म्हणून धुऊन तिच्यात शिवणाच्या सुया ठेवल्या. सांगा आता, अशा बाईला काय म्हणावं? दर वर्षी पोरांच्या निबंधावर लाल पेनानं 'छान' लिहिणारी ती हीच.

टाके काढायला मी यांना न घेता गेले, भाच्याच्या गाडीवर. डॉक्टर घाईत होते. "रिपोर्ट?" "आला की, चांगला हाय. मालकांकडं ऱ्हायला." घरी आल्यावर यांनी फाइल उघडून हात पुढं केला. "रिपोर्ट?" "डॉक्टरांनी ठिवून घेतला. चांगला हाय म्हणाले." यांनी फाइलमध्ये कागदच नाही म्हणून दवाखान्याच्या पावतीमागं स्वतः लिहिलं, रिपोर्ट नॉर्मल, आणि ती पावती लावून टाकली. त्यांचं अक्षर सुरेख आहे.

सात वर्षं गेली. त्यातली पहिली चार-पाच खरंच सुखाची गेली, आणि त्याचीच मला आता जास्त चीड येते. मी स्वतःला शाबासकी देत होते. बघा, काही झालं का? कढीपत्ता तर असा माजला होता की सगळी आळी फोडणीला माझ्याकडून पानं न्यायची.

मग व्रणाच्या कडेला शाई फुटल्यासारखं काळं दिसायला लागलं. आधी मी म्हटलं बिब्ब्याचा डाग असेल, टाचेला भेगा पडल्या की आम्ही बिब्बा लावतो. तो डाग महिन्याभरात जातो. हा पसरला. पावसाळा संपता संपता त्यावर वाटाण्याएवढा उंचवटा आला. मी चालताना टाच उचलायला लागले, मोजे घालायला लागले. आमच्या गावात घरात मोजे घालणारी मी एकटीच. कुणी विचारलं की सांगायची, थंडी वाजती. ऑक्टोबरमध्ये!

शेवटी फरशीनं चुगली केली. सकाळी स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत लाल ठिपके. हे त्या ठिपक्यांच्या मागं मागं आले आणि माझ्यापाशी थांबले.

"बस खाली. मोजा काढ."

मी काढला. त्यांनी आत जाऊन लेकीला फोन लावला. लेक सांगलीला असते, जावई कुपवाडला एका कारखान्यात आहेत. तिनं मोबाइलवर फोटो मागवला आणि अर्ध्या तासात उलटा फोन. "आई, उद्याच्या उद्या निघायचं. बाबा, हिचं काही ऐकू नका."

कराड गेलं, पेठ नाक्यावरून आत वळलो. यांनी मांडीवर फाइल धरली होती. मी खिडकीतून ऊस बघत होते आणि मनात एकच हिशेब चालला होता: ती फाइल कधी उघडणार.

सांगलीच्या दवाखान्यातली चामडीची डॉक्टर माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं पायाला जेल लावलं, दिव्याचं भिंग टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिली. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले की पेशंटनं छताकडं बघावं, हा माझा अनुभव. तिनं मग जांघेत बोटं दाबून बघितली. तिथं का, हे मी विचारलं नाही.

"आधी इथं काही काढलं होतं का?"

"हां जी," हे म्हणाले. डॉक्टर, बँकेचा साहेब, पोलीस, सगळ्यांशी ते असंच बोलतात. "सात साल पहले. रिपोर्ट नॉर्मल था. ये देखिये." आणि त्यांनी ती पावती काढून दिली.

डॉक्टरीणबाईंनी पुढं वाचलं, मागं वाचलं. "आजोबा, ही पावती आहे. रिपोर्ट कुठाय? त्यात काय निघालं होतं हे कळणं फार गरजेचं आहे. त्या लॅबकडून मागवता येईल, नाव सांगा."

हे माझ्याकडं वळले. लेकही वळली. मला अजूनही मार्ग होता. नाव आठवत नाही म्हणता आलं असतं, लॅब बंद पडली म्हणता आलं असतं. मी जन्मभर वर्गातल्या पोरांची खोटी कारणं ऐकलीत, मला शंभर येतात.

"रिपोर्ट न्हाई," मी म्हटलं. "बाटली दिलीच न्हाई मी."

"मग कुठं गेली?" लेक म्हणाली.

"परसात पुरली."

लेक फुटली. "आई, तू शिक्षिका होतीस गं! दुसऱ्याच्या पोरांना शिकवत होतीस तू! मला खोकला झाला तर एक्स-रे काढायला लावणारी बाई तू!" डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताला हात लावला तशी ती गप्प झाली. हे उठले, पावती नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवली आणि बाहेर गेले. ते रागावून ओरडले असते तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. पन्नास वर्षं आमचं तसंच चाललंय.

दोन दिवसांनी तो डाग काढला. ह्या खेपेला तो काढायचा तर खोल, चरबीपर्यंत, भोवतीची थोडी कातडी धरून. तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर माहीत असावं म्हणून सांगते. उपाशी राहावं लागत नाही. दागिने काढायला लावतात, माझी जोडवी साबण लावून निघाली. रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर आधीच सांगायचं. सुई तशीच दुखते, वय झालं म्हणून तळपाय दया करत नाही. जळाल्याचा वास आला तर घाबरू नका, रक्त थांबवायला डागतात. मी विचारलं, "काय शिजवताय?" सर्जन हसले. मास्कच्या वरचे त्यांचे डोळे मात्र हसले नाहीत. घरी आल्यावर पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच. टाके तीन आठवडे, कारण तळपायाची कातडी सावकाश जुळते. पाय टेकवायचा नाही. संडासला जायचं तर लेकीच्या खांद्याला लोंबकळत. आणि रात्री ठणका लागला की गोळी वेळेवर घ्या, सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

ऑपरेशन झाल्यावर सिस्टर पुन्हा बाटली घेऊन बाहेर आली. आता मोठी बाटली देतात, आणि वर नाव, वय, पायाची बाजू, सगळं लिहितात. मी चाकांच्या खुर्चीत बसलेली. हात पुढं करून म्हटलं, "द्या, मी धरते."

"नको," हे म्हणाले. तीन दिवसांत ते माझ्याशी बोलले तो हा पहिला शब्द.

त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. भर दुपारची वेळ, लॅब रस्त्यापलीकडं. ते टोपी न घालता, त्या बाटलीवर नजर ठेवून, रस्ता ओलांडून गेले. एक दुचाकीवाला करकचून थांबला आणि काहीतरी बोलला. ह्यांनी तिकडं बघितलंही नाही. पाऊण तासानं परत आले ते पावती घेऊनच. पावतीवर शिक्का, सही, वेळ. "हाताला हात लावून दिलीय," लेकीला म्हणाले. मला नाही.

दहा दिवस मी लेकीच्या हॉलमध्ये पलंगावर पडून होते. ते दिवस कसे गेले हे मला लिहिता येत नाही. टीव्हीवर काय चाललं होतं तेही आठवत नाही. आमच्या शाळेतल्या त्या बाईंच्या कवितेची चाल डोक्यात फिरत राहायची. आणि सात वर्षांपूर्वीचे ते आठ दिवस, जे मी चुकवले, ते आता व्याजासकट भोगतेय असं वाटायचं. त्या एकसष्ट वर्षांच्या बाईला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शाबासकी देत होते. आता ती देववेना. ती लॅबच्या खिडकीशी उभी दिसायची, पर्स छातीशी धरून, आणि मला तिला हाक मारायची असायची. पण काय म्हणून?

कागद आला. नाव मोठं आहे, मी लिहीत नाही. कातडीचा कॅन्सर, वाईट जातीचा, आणि खोल. सर्जननी सगळं सांगितलं: पुन्हा मोठं ऑपरेशन, भोवतीचं मांस काढणार, मांडीची कातडी तिथं लावणार, आणि रोग पायातून वर चढताना जांघेतल्या ज्या गाठी पहिल्यांदा लागतात त्या काढून बघणार, तिथं पोचलाय का ते.

"सात वर्षांपूर्वी कळलं असतं तर?" मी विचारलं.

ते पेन बंद करत, उघडत होते. "आजी, ते आता बोलून उपयोग नाही. पुढचं बघू."

मला उत्तर मिळालं. मास्तरीण आहे मी, कुठलं पोरगं उत्तर माहीत असून सांगत नाहीये हे मला कळतं.

दुसरं ऑपरेशन झालं. मांडी पायापेक्षा जास्त जळते, हे कुणी सांगत नाही तेही सांगून ठेवते. जांघेतल्या गाठी पुन्हा बाटलीतून गेल्या, पुन्हा हेच घेऊन गेले, पुन्हा पावती. आणि परवा त्यांचा रिपोर्ट मिळणार होता.

लेक कामावर होती. दवाखान्यात आम्ही दोघंच. मला चाकांच्या खुर्चीत बसवून हे रिपोर्टच्या काउंटरवर गेले. पाठमोरे होते. त्यांनी पाकीट तिथंच फोडलं, कागद सरळ केला, चष्मा चढवला. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत वाचलं. मी त्यांच्या खांद्यांकडं बघत होते. मनात म्हणत होते, खोटं सांगा. तुम्हाला जमत नाही, मला ठाऊक आहे, पण एकदा सांगा. मी लगेच विश्वास ठेवीन. मला तर त्याची सवय आहे.

ते आले, शेजारच्या बाकावर बसले. फाइल मांडीवर.

"गाठीत हाय," म्हणाले.

मी मान हलवली.

"दोन गाठीत. डॉक्टरनी चार वाजता बोलावलंय. गाठीत निघालं तर औषध हाय म्हणले हुते, सलाइनमधनं. किती उपयोग व्हईल ते सांगितलं न्हाई."

"बरं."

समोरून कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. मागून एक बाई चपला हातात घेऊन पळत होती. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"आवं," मी म्हटलं, "मला भ्या वाटतंय." एकसष्टाव्या वर्षी हे एवढंच त्यांना म्हणायचं होतं. कँटीनच्या दारात, दोन पिशव्यांच्या मधे उभी राहून. जमलं नाही.

हे फाइलचा बंद ओढत बसले होते. मग माझ्या खुर्चीचं चाक जरा स्वतःकडं ओढून घेतलं, बाकाला टेकेपर्यंत.

"मला बी," म्हणाले.

चारला पंचेचाळीस मिनिटं होती. आम्ही तिथंच बसलो.